मोजक्या नगांचे चाकू आणि त्यांचा फेरविक्रीचा भाव

आपल्याकडे घडीचा चाकू म्हटला की जुन्या हिंदी चित्रपटातला रामपुरी आठवतो आणि त्याच्याबरोबर त्याचा गुंड धनीही. अमेरिकेत त्याची ओळख वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथल्या शेतकऱ्याच्या, सुताराच्या, शिकाऱ्याच्या आणि शाळकरी मुलाच्याही खिशात दोन-तीन पात्यांचा छोटा चाकू असे. अशी घरोघरची वस्तू जुनी झाली की तिचा संग्रह होणारच, तसा तो झालाही. गेल्या पन्नास वर्षांत मात्र या छंदाचे रूप पालटले. आता कंपन्या मुद्दाम ठरावीक नगच काढतात, त्यातले काही विक्री खुली झाल्यावर मिनिटांत संपतात आणि लगोलग चढ्या भावाने पुन्हा विक्रीला येतात.

यावरून संग्राहकांत जुना वाद आहे. त्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. मोजक्या नगांचे चाकू खरोखर किंमत टिकवतात किंवा वाढवतात का, हा पहिला. असे मोजके नग काढण्याची रीत छंदाच्या हिताची आहे का, हा दुसरा. पहिल्याचा निकाल हिशेबाने लागायला हवा, दुसरा आवडीनिवडीचा आणि न्यायबुद्धीचा आहे. बहुतेक भांडणे दोन्ही एकाच दमात सोडवायला गेल्यामुळे होतात, म्हणून इथे ते शक्यतो वेगळे ठेवले आहेत.

दहा ठिपके

आजच्या बाजाराची सुरुवात एका क्षुल्लक वाटणाऱ्या बदलातून झाली. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड गावच्या केस कंपनीने १९७० मध्ये पात्याच्या मुळाशी असलेल्या शिक्क्याखाली दहा ठिपके घालायला सुरुवात केली. दर वर्षी त्यातला एक ठिपका कमी होणार होता, म्हणजे चाकू पाहून त्याचे साल सांगता यावे. संग्राहकांना त्यातून वेगळेच काही कळले. ठिपके नसलेले चाकू आता पुन्हा होणार नाहीत! खेड्यापाड्यांतल्या हार्डवेअरच्या दुकानांत काचेच्या पेटीत वर्षानुवर्षे पडून असलेला जुना माल भराभर उचलला गेला. त्याआधीचे शिक्के, अक्षरांची वळणे, मुठीच्या हाडावरची नक्षी यांच्या याद्या होऊ लागल्या. कालपर्यंत सफरचंद सोलायला वापरलेला चाकू आज अमुक काळातला ठरू लागला.

वेळही जुळून आली होती. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने हौशी बंदुकांची देवघेव किचकट झाली आणि जत्रावजा प्रदर्शनांत टेबल मांडून बसणाऱ्यांपैकी काही जण चाकूंकडे वळले, असे जुने संग्राहक सांगतात. १९७२ मध्ये राष्ट्रीय चाकू संग्राहक संघटना उभी राहिली, टेनेसीतले चॅटानूगा हे तिचे ठाणे. १९७३ मध्ये ‘द अमेरिकन ब्लेड’ हे मासिक निघाले. त्याच परंपरेतले ‘ब्लेड शो’ हे प्रदर्शन १९८२ पासून भरते आणि आज अटलांटातला त्याचा जूनच्या सुमाराचा मेळा या जगाची पंढरी मानला जातो. १९८५ मध्ये बर्नार्ड लेव्हिन यांचे चाकूंच्या किमतींचे मार्गदर्शक पुस्तक आले. संघटना, मासिक, मेळा आणि भावाचे पुस्तक अशी बाजाराला लागणारी सगळी सामग्री पंधरा वर्षांत गोळा झाली.

कारखान्यांनी हे पाहिले आणि धडा घेतला. संघटनांसाठी दर वर्षी ठरावीक नगांचा चाकू, राज्याच्या किंवा देशाच्या द्विशताब्दीचा चाकू, मागच्या बाजूला अनुक्रमांक, मखमली डबी असा माल १९७० च्या दशकात मुबलक निघाला. रेमिंग्टनने दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मुठीवर बंदुकीच्या गोळीचे चिन्ह बसवलेले चाकू काढले होते, ते संग्राहकांत फार मानाचे. १९८२ मध्ये त्या नावाने आर ११२३ या जुन्या घाटाची नवी आवृत्ती आली आणि पुढे दर वर्षी एकेक घाट येत राहिला.

दुसरी धारा आधुनिक चाकूंची. कोलोरॅडोतल्या स्पायडरकोने १९८१ मध्ये खिशाला क्लिपने अडकणारा, पात्यातल्या भोकाच्या आधाराने एका हाताने उघडणारा चाकू आणला. मायकेल वॉकर यांनी त्याच सुमारास उघडलेले पाते आतल्या पट्टीने अडवून धरणारी ‘लायनर लॉक’ ही रचना रूढ केली. दक्षिण आफ्रिकेतून १९८९ मध्ये आयडाहोतल्या बॉयझीला आलेले ख्रिस रीव्ह यांनी ‘सेबेंझा’ या चाकूमध्ये मुठीचीच एक बाजू कुलूप म्हणून वापरली. या चाकूंचा गिऱ्हाईक हाडाच्या नक्षीपेक्षा पोलादाच्या जातीवर, टायटॅनियमच्या घडणीवर, पाते उघडतानाच्या सफाईवर बोलतो. स्पायडरको बंद झालेला किंवा नेहमीचाच नमुना वेगळ्या पोलादात, वेगळ्या रंगात एकदाच काढते, त्याला ती ‘स्प्रिंट रन’ म्हणते. हा शब्द आता इतरांच्याही तोंडी आहे.

मर्यादा कुणी घातली?

चाकू थोडेच असणे ही एकच गोष्ट आहे असे मानून चर्चा होते, आणि माझ्या मते गोंधळ तिथेच सुरू होतो. मर्यादा कुठून आली यावर पुढचे बरेच अवलंबून असते.

काही वेळा ती कुणी ठरवलेली नसते. न्यूयॉर्क राज्यातला इम्पीरियल श्रेडचा कारखाना २००४ मध्ये बंद पडला, कॅमिलस २००७ मध्ये. दोन्ही नावे विकली गेली आणि परदेशी बनावटीच्या मालावर झळकू लागली, त्यामुळे जुन्या अमेरिकन मालाला वेगळी मागणी आली. स्वित्झर्लंडमध्ये व्हिक्टोरिनॉक्सने २००५ मध्ये प्रतिस्पर्धी वेंगर विकत घेतली आणि २०१३ नंतर वेंगरच्या नावाचे चाकू थांबवले. त्याबरोबर वेंगरचे साधेसुधे नमुनेही शोधले जाऊ लागले. हे चाकू विकताना ‘मर्यादित’ म्हणून विकलेच नव्हते. ते वापरले गेले, झिजले, हरवले, आणि म्हणून उरलेले दुर्मीळ झाले.

दुसरी मर्यादा हातांची. इंडियानातले टोनी बोस हे कुलूप नसलेल्या पारंपरिक चाकूंचे मोठे कारागीर होते. एक माणूस वर्षाला किती चाकू करणार? त्यांच्या हातच्या चाकूला काही हजार डॉलर पडतात, आणि केस कंपनीने त्यांच्या घाटांवरून वर्षाला एक या हिशेबाने काढलेले चाकूही मान टिकवून आहेत. ग्रेट ईस्टर्न कटलरी ही २००६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला सुरू झालेली कंपनी थोडी अधांतरी बसते. (टायटसव्हिल म्हणजे १८५९ मध्ये एडविन ड्रेक यांनी तेलाची विहीर खणली ते गाव. भाव चढण्या-कोसळण्याचा अनुभव त्या मातीला जुना आहे.) ही कंपनी एक घाट घेते, त्याचे काहीशे किंवा काही हजार नग वेगवेगळ्या मुठींत काढते आणि दुसऱ्या घाटाकडे वळते. तो घाट पुन्हा केव्हा येईल सांगता येत नाही. कोणत्या मुठीचे किती नग निघाले हे ती जाहीर करते. दुकानात शंभर-सव्वाशे डॉलरना मिळणारे तिचे काही चाकू फेरविक्रीत दुप्पट-तिप्पट गेले, विशेषतः २०२० नंतर. कारखाना लहान आहे म्हणून माल कमी, की माल कमी ठेवायचा आहे म्हणून कारखाना लहान, यावर तिच्या गिऱ्हाइकांचेच एकमत नाही.

तिसरी मर्यादा निव्वळ ठरवून घातलेली, आणि तिचा इतिहास सर्वांत बोलका. स्मरणिका म्हणून निघालेले बहुतेक चाकू आज मूळ किमतीच्या आसपास रेंगाळतात, महागाई धरली तर तोट्यातच आहेत. फ्रँकलिन मिंटने मोटारी आणि प्राण्यांच्या चित्रांचे ‘संग्राह्य’ चाकू डबीसकट घरपोच विकले. ते आज जुन्या बाजारात किरकोळ भावाने मिळतात. कारण सरळ आहे. सगळ्यांनी ते जपूनच ठेवले, एकही झिजला नाही, एकही हरवला नाही. जेवढे निघाले तेवढे सगळे आजही डबीत कोरेच आहेत.

या सगळ्यात एक प्रसंग प्रयोगासारखा घडला. ओहायोतले रिक हिंडरर यांचा एक्सएम-१८ हा भक्कम चाकू २०१० च्या आगेमागे मिळणे मुश्कील होते. थेट त्यांच्याकडून मिळाला तर चारशे डॉलरच्या आत-बाहेर, आणि हातोहात विकला तर त्याच्या दुप्पट. पुढे त्यांनी यंत्रसामग्री आणि उत्पादन वाढवले, चाकू दुकानांत दिसू लागला आणि फेरविक्रीचा भाव खाली येऊन दुकानातल्या किमतीला टेकला. चाकू तोच होता. वरचे चारशे डॉलर रांगेचे होते, हे उघड झाले.

याच्या उलट सेबेंझा. ती मोजक्या नगांची नाही, कुणीही मागवावी आणि घ्यावी. तरी वापरलेली सेबेंझा मूळ किमतीच्या मानाने फारशी उतरत नाही. मर्यादा नसताना किंमत टिकते आणि मर्यादा उठताच कोसळते, ही दोन्ही उदाहरणे डोळ्यांपुढे ठेवूनच पुढचे पक्ष ऐकावेत.

कोण काय म्हणतो

पहिला पक्ष चाकूकडे ठेव म्हणून पाहणाऱ्यांचा. त्यांचे म्हणणे असे की, इतर कुठला छंद इतका पैसा परत देतो? चांगला चाकू दोन-चार वर्षे सांभाळून घेतलेल्या किमतीला विकता आला, तर तेवढी वर्षे छंद फुकटात झाला. निवड नीट केली तर वर चार पैसेही सुटतात. यात तथ्य आहे. मोबाइल किंवा कॅमेरा विकायला काढून पाहणाऱ्याला ते लगेच पटेल.

दुसरा पक्ष वापरणाऱ्यांचा. पाते हे कापण्यासाठी असते. ज्याला धार लावायची भीती वाटते तो चाकू नाही, शोपीस आहे. त्यांची खरी तक्रार तत्त्वाची कमी आणि व्यवहाराची जास्त आहे. शंभर डॉलरचा चाकू हवा असणाऱ्या माणसाला तो अडीचशेला घ्यावा लागतो आणि ते दीडशे ना कारागिराला मिळतात ना कारखान्याला.

ज्यांच्यावर हा रोख असतो ते ‘फ्लिपर’ म्हणजे घेऊन लगेच विकणारे. त्यांना खलनायक ठरवणे सोपे आहे, पण त्यांचीही बाजू आहे. ते जोखीम घेतात, माल पडला तर तोटा त्यांचा. विक्रीच्या ठरलेल्या मिनिटाला संगणकापुढे बसू न शकणाऱ्या नोकरदाराला, किंवा दुसऱ्या देशातल्या गिऱ्हाइकाला, तो चाकू त्यांच्यामुळेच पैसे मोजून का होईना मिळतो. आणि कारखान्याने किंमत मुळातच कमी ठेवली असेल तर मधला फरक कुणी तरी उचलणारच.

मग कारखाने किंमत वाढवत का नाहीत? त्यांच्या बाजूने पाहिले तर चटकन संपलेला माल हीच जाहिरात असते. शिवाय छोट्या कारखान्याला पोलाद आणि मुठीचे साहित्य आगाऊ घ्यावे लागते. नग ठरलेले असले की पैसा अडकत नाही, शिल्लक उरत नाही. किंमत एकदम दुप्पट केली तर वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक दुखावते. दुकानदार मधल्या मध्ये. काहींनी माणशी एकच नग असा नियम केला, काहींनी चिठ्ठ्या टाकून नावे काढली, काहींनी ठरावीक मुदतीत मागणी नोंदवणाऱ्या प्रत्येकाला चाकू देण्याची पद्धत आणली. शेवटची पद्धत मला सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण तीत मर्यादा मुदतीची असते, नगांची नसते. पण चार-सहा महिने पैसे गुंतवून थांबायला सगळे तयार नसतात, आणि मोठ्या मागणीचा भार छोट्या कारखान्याला पेलत नाही, हेही खरे.

हिशेब

भाव वाढल्याच्या कथा भरपूर ऐकू येतात, हिशेब क्वचित. १९८२ मध्ये ५० डॉलरना घेतलेला चाकू २०२३ मध्ये १५० ला विकला, तर मालक तिप्पट झाले म्हणून खूश होतो. अमेरिकेतली महागाई त्या काळात तिपटीहून थोडी अधिक झाली, म्हणजे मुद्दलही पुरते सुटले नाही. त्यातून विक्रीचा खर्च जातो. ईबेसारखी ऑनलाइन बाजारपेठ बहुतेक वस्तूंवर १३ टक्क्यांच्या आसपास कापते, शिवाय टपाल, विमा. दुकानदाराकडे विकायला ठेवला तर त्याची अडत. भाव सांगताना माणसे मागितलेली किंमत सांगतात. प्रत्यक्ष काय हाती आले ते बहुधा खाजगीत राहते.

चाकूची अवस्था हा हिशेबातला दुसरा खड्डा. राष्ट्रीय संघटनेने त्यासाठी पायऱ्या ठरवल्या आहेत. कारखान्यातून आला तसा, न वापरलेला, धार न लावलेला तो ‘मिंट’. पुढे पाते साधारण १० टक्के झिजलेला ‘एक्सलंट’, २५ टक्क्यांपर्यंत ‘व्हेरी गुड’, निम्मे गेलेला ‘फेअर’, अशी उतरंड. पारंपरिक चाकूंत एकदा धार लावली की भाव घसरतो. पण ही पारख विकणारा स्वतःच करतो. नाण्यांच्या बाजारात १९८६ आणि १९८७ मध्ये पीसीजीएस आणि एनजीसी या त्रयस्थ कंपन्या आल्या. त्या नाणे तपासून, दर्जा देऊन, सीलबंद करून परत देतात, आणि त्या दर्जावर अनोळखी माणसेही व्यवहार करतात. चाकूंना असा सर्वमान्य त्रयस्थ नाही. चाकू सीलबंद करणे मुळात अडचणीचे, कारण पाते उघडताना लागणारा जोर, स्प्रिंगचा आवाज, पाते डगमगते का हे बंद डबीतून कळणार कसे?

आधुनिक चाकूंबाबत आणखी एक कटकट आहे, पोलाद जुने होते. ख्रिस रीव्ह यांच्या सल्ल्याने क्रूसिबल कंपनीने घडवलेले एस३०व्ही २००१ च्या सुमारास अव्वल होते. आज ते सर्वसाधारण समजले जाते. २०२१ मध्ये धातुतज्ज्ञ लॅरिन थॉमस यांचे मॅग्नाकट आले आणि गंजाला दाद न देणारे तरी चिवट असे पोलाद मिळाल्याने अनेक जुन्या ‘खास पोलादाच्या’ आवृत्त्यांचे अप्रूप ओसरले. पारंपरिक चाकूवाल्यांना ही चिंता नाही. तिथे साधे कार्बन पोलाद शंभर वर्षांपूर्वीही चालत होते, आजही चालते.

शिंग, हस्तिदंत आणि नकला

मुठीच्या साहित्यावरून भाव ठरतो आणि इथे भारताचा थेट संबंध येतो. ब्रॅडफर्ड असो की इंग्लंडमधले शेफील्ड, उंची चाकूंच्या मुठीला सांबराचे शिंग लागे आणि ते प्रामुख्याने भारतातून जाई. नर सांबराची शिंगे दर वर्षी गळतात, ती जंगलात गोळा करून निर्यात होत. गळलेल्या शिंगांच्या आडून शिकारीची शिंगेही जाऊ लागल्याने १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारताने ही निर्यात बंद केली. तेव्हापासून जाड सालीचे, पिवळसर-तपकिरी खडबडीत भारतीय शिंग हा विक्रीतला खास उल्लेख झाला आणि साठा करून ठेवलेल्यांना चांगले दिवस आले. इथे मर्यादा दुसऱ्या देशाच्या वन्यजीव धोरणाने घातली, आणि ती योग्य होती.

हस्तिदंताचे प्रकरण उलटे. २०१६ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनी आफ्रिकी हत्तीच्या दातांचा व्यापार जवळजवळ थांबवला. थोड्या वजनाच्या जुन्या दाताला त्यात काही सवलत आहे, पण न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया यांचे कायदे अधिक कडक आहेत. एका राज्यात हजारो डॉलरचा असलेला चाकू शेजारच्या राज्यात विकता येत नाही. कळ दाबून उघडणाऱ्या चाकूंनाही १९५८ च्या केंद्रीय कायद्याने आणि प्रत्येक राज्याच्या वेगळ्या नियमांनी असाच फटका बसतो.

नकलांचा त्रास दोन्ही धारांना आहे. जुन्या चाकूंत शिक्का नव्याने घालणे, एका चाकूचे पाते दुसऱ्याच्या मुठीत बसवणे हे उद्योग संग्रहाच्या पहिल्या लाटेपासून चालत आले आहेत. नव्यांत एक्सएम-१८ आणि सेबेंझाच्या चिनी नकला इतक्या सफाईदार होतात की चित्रावरून सांगणे कठीण. मूळ डबी, पावती, दाखला यांना भाव येतो तो त्यामुळे. त्यांचीही नक्कल होते.

काय सुटलेले नाही

हा बाजार उभा करणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. तिचे शेकडो-हजारो चाकूंचे संग्रह वारसांच्या हाती येऊ लागले आहेत आणि वारसांना बहुधा त्यात रस नाही. हा माल एकदम बाजारात आला तर १९७० च्या ठिपक्यांचे भाव टिकतील का? तरुण संग्राहक आले आहेत, पण त्यांची ओढ टायटॅनियमकडे की हाडाच्या मुठींकडे, याचा कौल स्पष्ट नाही. ग्रेट ईस्टर्नच्या चाकूंची गेल्या काही वर्षांतली मागणी दुसऱ्या बाजूचा आशादायक पुरावा आहे. पण ती मागणी त्या चाकूंसाठी होती की त्यांच्या फेरविक्रीसाठी, हे मागणी ओसरेपर्यंत कळणार नाही.

पोलादाचाही प्रश्न अधांतरी आहे. एस३०व्ही घडवणाऱ्या क्रूसिबलने डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढच्या वर्षी तिची मालमत्ता एरास्टील या दुसऱ्या पोलाद कंपनीकडे गेली. त्या कारखान्यात ओतलेल्या पोलादाचे चाकू उद्या श्रेडसारखे ‘जुन्या अमेरिकन बनावटीचे’ म्हणून शोधले जातील, असे काही जण म्हणतात. पोलादाच्या पट्टीत रासायनिक घटक तेच राहिले तर गिऱ्हाईक तिच्या जन्मगावासाठी जादा पैसे देईल का, याबद्दल मला शंका आहे.

पहिल्या प्रश्नापुरते मात्र आज एवढे म्हणता येते. नगांचा आकडा एकटा काही ठरवत नाही. मुबलक असता तरी हवासा वाटला असता असा चाकू दुर्मीळ झाला तर भाव टिकतो, आणि निव्वळ दुर्मीळ म्हणून काढलेला चाकू बहुधा पहिल्या खरेदीदारालाच महाग पडतो. यापलीकडे ठाम बोलायला लागणारे आकडे दुकानदारांच्या वह्यांत बंद आहेत. ग्रेट ईस्टर्न जशी किती नग काढले ते सांगते, तसे इतर कारखान्यांनी सांगावे. आणि जुने चाकू विकून देणाऱ्या व्यापाऱ्यांनी प्रत्यक्ष विक्रीच्या किमती, चाकूच्या अवस्थेसह, वर्षातून एकदा तरी खुल्या कराव्यात.